डिफॉल्ट कुणाच्या सोयीचा?

लिनक्सचं कर्नल स्वतः बांधायला बसलं की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. हा प्रोटोकॉल हवा? तो ड्रायव्हर हवा? ‘हो’, ‘नाही’ की मॉड्यूल म्हणून? नेटवर्कच्या भागात शिरलं की सरावलेला माणूसही अडखळतो. मग तो मदतीचा मजकूर उघडतो, आणि अनेक प्रश्नांच्या तळाशी त्याला एक छोटी ओळ भेटते : खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा. क्वचित कुठे : खात्री नसेल तर ‘हो’ म्हणा. ती ओळ वाचून तो सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पुढे जातो.

कर्नल बांधणारे असे मूठभरच. बाकीचे तयार डिस्ट्रो उतरवून घेतात, त्यामुळे हे प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतही नाहीत. पंगतीत बसण्याआधी पान वाढून झालेलं असतं. मीठ कुठे, चटणी किती, हे वाढप्याने ठरवलेलं असतं आणि पानात पडलं ते मुकाट जेवणारेच बहुसंख्य असतात. मुक्त स्रोत प्रणालीचं मोठं आश्वासन असं, की इथे सगळं बदलता येतं. ते खरंच आहे. पण बदलणारे थोडे असल्यामुळे खरी सत्ता डिफॉल्ट लिहिणाऱ्याच्या हाती राहते. गेल्या तीसेक वर्षांत ती सत्ता नेटवर्कच्या बाबतीत कशी वापरली गेली, कुठे चुकली, कुठे सावरली, याचा हा आढावा.

वाढपी तीन

डिफॉल्ट ठरवणारा एकच नसतो. पहिला थर कर्नल लिहिणाऱ्यांचा. तिथली रीत जपून चालण्याची आहे : नवी सोय आली की ती बंद ठेवायची, आणि काल चालणारं आज मोडायचं नाही. दुसरा थर सिस्टिमडी, नेटवर्कमॅनेजर यांसारख्या मधल्या प्रकल्पांचा. तिसरा डेबियन, फेडोरा, उबंटू अशा डिस्ट्रोंचा.

या तिघांचं एकमत असेलच असं नाही. आलेल्या पॅकेटचा पत्ता खरा वाटतो का हे तपासणारी ‘आरपी-फिल्टर’ नावाची सेटिंग घ्या. लिनक्स कर्नल ती शून्यावर, म्हणजे बंद ठेवतं. अनेक डिस्ट्रोंनी ती वर्षानुवर्षं सुरू होतानाच एकवर, म्हणजे कडक तपासणीवर नेली. एकापेक्षा जास्त जोडण्या असलेल्या यंत्रावर कडक तपासणी खरी पॅकेटंही टाकून देते, म्हणून सिस्टिमडीने पुढे दोन हा सैल पर्याय धरला. तीन थर, तीन आकडे, आणि तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर. कर्नलला राउटरपासून फोनपर्यंत सगळीकडे चालायचं असतं. डिस्ट्रोसमोरचा माणूस मात्र ओळखीचा असतो.

दार उघडं की बंद

सगळ्यात जुना वाद दाराचा. नव्वदच्या दशकात युनिक्स किंवा लिनक्स बसवलं की टेलनेट, एफटीपी, फिंगर अशा कितीतरी सेवा आपोआप चालू होत. विद्यापीठाच्या जाळ्यात ते सोयीचं होतं, कारण तिथले बहुतेक जण एकमेकांना ओळखत. जानेवारी २००१मध्ये ‘रामेन’ नावाचा वर्म रेड हॅट ६.२ आणि ७.० वर पसरला. त्याने हेरल्या होत्या त्या याच सेवा. छपाईची किंवा फाइल देण्याघेण्याची जी सेवा मालकाने कधी वापरलीच नाही, तिच्यातल्या भोकातून तो आत शिरला.

ओपनबीएसडीने याच्या उलट टोकाची भूमिका घेतली : मूळ बसवणीत शक्य ते सगळं बंद, ज्याला हवं त्याने उघडावं. इतक्या वर्षांत मूळ बसवणीला दुरून भेदणारी फक्त दोन भोकं सापडली, हे त्या प्रकल्पाचं अभिमानाचं घोषवाक्य आहे. त्यातलं दुसरं भोक डिफॉल्टविषयी फार बोलकं आहे. ते २००७मध्ये सापडलं आणि ते आयपीव्ही६ हाताळणाऱ्या कर्नलच्या कोडमध्ये होतं. त्या काळी फार थोडे लोक आयपीव्ही६ वापरत. पण कोड मूळ बसवणीत चालू होता, म्हणून न वापरणाऱ्यांच्या यंत्रालाही धोका होता. सेवा बंद ठेवल्या तरी प्रोटोकॉल हेही दारच असतं, हा त्याचा धडा.

आता चित्र पालटलं आहे. मोबाइल जाळ्यांमुळे भारत आयपीव्ही६ वापरणाऱ्या आघाडीच्या देशांत गणला जातो, आणि पुण्या-नागपुरातला फोन रोज त्याच वाटेने बाहेर जातो. २००७चा धडा घेऊन आज कुणी आयपीव्ही६ बंद ठेवायचं ठरवलं, तर तो चालता रस्ता अडवेल. डिफॉल्टला वय असतं ते असं.

फायरवॉलबाबत तर प्रत्येकाचा देव वेगळा. फ्रीबीएसडीच्या ‘आयपीएफडब्ल्यू’मध्ये ६५५३५ क्रमांकाचा शेवटचा नियम आधीपासून लिहिलेला असतो : सगळं अडवा. नवशिक्या अ‍ॅडमिन दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करतो, फायरवॉलचं मॉड्यूल चढवतो, नियम नंतर निवांत लिहू म्हणतो आणि एंटर दाबतो. त्याच क्षणी त्याची स्वतःची जोडणी गोठते. पडद्यावरचा कर्सर हलत नाही. आता सर्व्हरपाशी जाऊन कन्सोलवर बसण्याशिवाय गत्यंतर नाही. हा नियम उलटा करण्याचा पर्याय कर्नलच्या बांधणीत ठेवलेला आहे, पण आपण होऊन तो निवडावा लागतो. सुरक्षेच्या हिशेबाने हा डिफॉल्ट चोख आहे. फक्त आपण आत आहोत की बाहेर, हे त्याला कळत नाही.

उबंटूने दुसरी वाट धरली. २००८च्या ८.०४ आवृत्तीपासून ‘यूएफडब्ल्यू’ फायरवॉल सोबत येते, पण बंद असते. त्यांचा युक्तिवाद असा, की मूळ बसवणीत मोजके अपवाद सोडून कुणी ऐकतच नसेल, तर पहारा कशावर बसवायचा? फेडोराने डिसेंबर २०१४मधल्या २१व्या आवृत्तीत तिसराच तोडगा काढला : डेस्कटॉपवर फायरवॉल चालू, पण १०२५पासून ६५५३५पर्यंतचे सगळे पोर्ट मोकळे. फाइल वाटप, खेळ, माध्यमं ही साधी कामं न विचारता चालावीत, हा हेतू. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि इतकी भोकं असलेली भिंत कशाला, असा सवाल आला. मला यात उबंटूची भूमिका जास्त प्रामाणिक वाटते. नाही तर नाही म्हणावं. पहारेकरी बसवून त्याला डोळे मिटायला सांगितलं की मालक उगाच निर्धास्त होतो.

शेजाऱ्याला भोगावं लागतं तेव्हा

दार उघडं राहिलं तर फटका बहुधा घरमालकालाच बसतो. काही सेटिंग्ज मात्र अशा, की चूक आपली आणि शिक्षा तिऱ्हाइताला. इथे ‘ज्याचं यंत्र त्याची मर्जी’ हे तत्त्व तोकडं पडतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ‘स्मर्फ’ नावाचा हल्ला गाजला. हल्लेखोर बळीचा पत्ता स्वतःचा म्हणून घालून, एखाद्या मोठ्या जाळ्याच्या सामायिक पत्त्यावर एक ‘पिंग’ पाठवी. जाळ्यातली शेकडो यंत्रं एकदम उत्तर देत आणि ती सगळी उत्तरं बळीवर कोसळत. अशी पॅकेटं राउटरने पुढे पाठवावीत, असा तोवरचा डिफॉल्ट होता. ऑगस्ट १९९९मध्ये आरएफसी २६४४ निघाला. त्याचं मुख्य काम एकच : हा डिफॉल्ट उलटा करणं. एका ‘हो’चा ‘नाही’ करायला स्वतंत्र मानक लिहावं लागलं, यावरूनच डिफॉल्टचं वजन लक्षात यावं.

सप्टेंबर १९९६मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट सेवेवर ‘सिन’ पॅकेटांचा मारा झाला. अर्धवट जोडण्यांची रांग भरली की सर्व्हर नव्या गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवतो, हा त्या हल्ल्याचा डाव. डॅनियल बर्नस्टाइन आणि एरिक शेंक यांनी त्याच महिन्यात ‘सिन कुकी’ची युक्ती सुचवली. जोडणीची नोंद आपल्या वहीत ठेवायचीच नाही. ती उत्तराच्या क्रमांकातच गुंफून समोरच्याकडे द्यायची आणि तो परत आला की ओळख पटवायची. लिनक्सने ती पुढच्याच वर्षी घेतली, पण बरीच वर्षं ती मुद्दाम चालू करावी लागे. कारण कुकीत सगळी माहिती मावत नाही आणि टीसीपीच्या काही सोयी गमवाव्या लागतात. आज ती आधीपासून चालू असते. हे जमलं ते एका शहाण्या रचनेमुळे : रांग भरेपर्यंत कुकी कामाला लागतच नाही. एरवी कुणाला तोशीस नाही आणि अडचणीत मात्र हजर, अशी सेटिंग निर्धास्तपणे ‘हो’वर ठेवावी.

रस्ता तयार आहे का?

सगळ्यात अवघड डिफॉल्ट ते, ज्यांत आपण बरोबर असतो आणि जग चूक असतं.

‘ईसीएन’ ही सोय सप्टेंबर २००१मध्ये आरएफसी ३१६८ने प्रमाणित झाली. कल्पना सरळ आहे. रस्त्यात कोंडी होऊ लागली की राउटरने पॅकेट टाकून देण्याऐवजी त्यावर खूण करावी, म्हणजे पाठवणारा वेळेत हात आखडता घेईल. त्यासाठी जोडणी सुरू होतानाच, पूर्वी राखून ठेवलेले दोन बिट वापरायचे होते. लिनक्सच्या २.४ मालिकेत ही सोय आली आणि लोकांना काही संकेतस्थळं उघडेनाशी झाली. वाटेतल्या कित्येक फायरवॉलना ते दोन बिट ओळखीचे नव्हते. अनोळखी म्हणजे संशयित, असं धरून त्या पॅकेट गिळत किंवा जोडणी तोडत. ही वागणूक गैर आहे, हे सांगायला सॅली फ्लॉइड यांनी २००२मध्ये वेगळा आरएफसी लिहिला. पण वापरणाऱ्याला मानकं कळत नाहीत. त्याला इतकंच दिसतं, की शेजारच्या विंडोजवर साइट उघडते आणि आपल्या लिनक्सवर नाही.

लिनक्सने यातून काढलेली वाट मला या साऱ्या प्रवासातली सर्वांत समंजस वाटते. ईसीएनची सेटिंग शून्य किंवा एक न ठेवता दोन ठेवली गेली. दोनचा अर्थ : समोरच्याने विचारलं तर हो म्हणा, आपण होऊन विषय काढू नका. यात कुणाचीच जोडणी तुटत नाही. आणि सर्व्हर मोठ्या संख्येने असे तयार झाले, की पुढे कुणी विचारायचं धाडस केलं तर उत्तर द्यायला लोक असतात. ते धाडस २०१५मध्ये अ‍ॅपलने आपल्या फोन-संगणकांवर केलं. तोवर जुनी उपकरणं बरीचशी बाद झाली होती आणि पलीकडे होकार तयार होता.

याच जातीचा दुसरा प्रसंग २००४चा, ‘विंडो स्केलिंग’चा. टीसीपीत ‘मी सध्या इतके बाइट घेऊ शकतो’ हे सांगायला १६ बिटांची जागा आहे, म्हणजे ६४ केबीच्या पुढे आकडा जात नाही. १९९२च्या आरएफसी १३२३ने त्यावर गुणकाची सोय केली. २००४मध्ये लिनक्सने मोठा गुणक वापरायला सुरुवात केली आणि काही साइट मुंगीच्या पावलाने चालू लागल्या. गुणक सात असेल तर आकडा १२८ने भागून पाठवायचा असतो. ५,८४० बाइटची जागा असेल तर पॅकेटात ४५ लिहिलं जातं आणि समोरच्याने पुन्हा १२८ने गुणायचं असतं. वाटेतले काही राउटर गुणक पुसून शून्य करत आणि बाकी तसंच ठेवत. मग समोरच्याला वाटे, याच्याकडे जेमतेम ४५ बाइटची जागा आहे. तो थेंब थेंब पाठवत बसे. सेटिंग मागे घ्या, असा धोशा लागला. पण मोडकं उपकरण दुरुस्त व्हायला हवं, त्यासाठी सगळ्यांनी कायम हळू चालायचं नाही, ही भूमिका टिकली. आज गुणकाशिवाय जलद जोडणीची कल्पनाही करता येत नाही.

दोन्ही गोष्टींत जग चूक होतं. एकीत माघारीसारखा दिसणारा मधला मार्ग निघाला, दुसरीत ठाम राहणं फळलं. फरक लाभात होता. स्केलिंगचा लाभ वापरणाऱ्याला लगेच मिळत होता. ईसीएनचा लाभ वाटेतले राउटर खुणा करू लागल्यावरच मिळणार होता.

म्हातारे आकडे

काही डिफॉल्ट चुकत नाहीत, नुसते म्हातारे होतात. जोडणी सुरू झाल्यावर पोच न मिळवता किती तुकडे पाठवावेत, याचा आकडा बरीच वर्षं तीनच्या आसपास होता. २०११मध्ये लिनक्सने तो दहा केला, २०१३मध्ये आरएफसी ६९२८ आला. दहा तुकडे म्हणजे सुमारे १४,६०० बाइट. मुंबईतून अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला दोनशे मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. तीनने सुरुवात केली तर एवढ्या मजकुराला तीन फेऱ्या पडतात : तीन, सहा आणि उरलेला एक. दहाने केली तर एक. सर्व्हरच्या शेजारी राहणाऱ्याला हा बदल जाणवणारही नाही. लांबच्याला तो फार मोठा आहे.

कोंडी हाताळण्याच्या पद्धतीचंही तसंच. लिनक्सने २००६मध्ये ‘क्यूबिक’ डिफॉल्ट केलं. फ्रीबीएसडी ‘न्यूरेनो’ला धरून राहिली आणि नोव्हेंबर २०२३मधल्या १४.० आवृत्तीत क्यूबिकवर आली. सतरा वर्षांचं हे अंतर आळसाचं, की शिस्तीचं? क्यूबिक फ्रीबीएसडीत आधीपासून होतंच. हवं त्याने एका ओळीत निवडावं, अशी सोय होती. पण निवडणारे थोडे, हाच तर मूळ मुद्दा.

पॅकेटांच्या रांगेचा डिफॉल्ट तर चोरपावलांनी बदलला. मोठ्या बफरमुळे जोडणी सुस्त होते, या दुखण्याला जिम गेटिस यांनी ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ केलं. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ हा उपाय मांडला. कर्नलचा स्वतःचा डिफॉल्ट जुनाच राहिला. २०१४मध्ये सिस्टिमडीने एका छोट्या फाइलमध्ये ‘एफक्यू-कोडेल’ लिहिलं आणि ती फाइल घेणाऱ्या डिस्ट्रोंत रांगेची शिस्त बदलली. वाढप्यांचे थर तीन असल्याचा हा फायदा : एक अडला तरी दुसरा पुढे होतो.

एक म्हातारा आकडा मात्र अजून ठाण मांडून आहे. गप्प पडलेली जोडणी जिवंत आहे का, हे किती वेळाने विचारावं? ऑक्टोबर १९८९च्या आरएफसी ११२२ने सांगितलं, दोन तासांच्या आत नको. लिनक्समध्ये आजही ७,२०० सेकंदच आहेत. २००८च्या आरएफसी ५३८२ने मधल्या नॅट उपकरणांना बजावलं, की चालू जोडणी किमान दोन तास चार मिनिटं विसरू नका. वरची चार मिनिटं त्या दोन तासांचा मान राखायला. प्रत्यक्षात घरगुती राउटर आणि मोबाइल जाळी त्याच्या कितीतरी आधी विसरतात. एसएसएच उघडं ठेवून जेवायला जावं आणि परतल्यावर खिडकी दगड झालेली असावी, हा अनुभव त्यातून येतो.

घरी फोन करणारे डिफॉल्ट

नव्या काळातला वाद खासगीपणाचा. यंत्र सुरू झालं की ते आपल्याला न विचारता कुणाकुणाशी बोलतं? इंटरनेट आहे का, हे पाहायला नेटवर्कमॅनेजर डिस्ट्रोच्या संकेतस्थळावर एक छोटी विनंती पाठवतो. हॉटेलातलं लॉगिनचं पान समोर यावं म्हणून ते सोयीचं, पण यंत्र चालू असल्याची वर्दीही त्यातून जाते. नावाचा पत्ता शोधणारा सर्व्हर मिळाला नाही तर सिस्टिमडीच्या स्रोतात मोठ्या खासगी कंपन्यांचे पत्ते राखीव ठेवलेले असतात. काही डिस्ट्रो बांधणीच्या वेळीच ती यादी रिकामी करतात, ते याच कारणाने. वाय-फायचा हार्डवेअर पत्ता दर जाळ्यासाठी वेगळा दाखवण्याची सोय फेडोराने एप्रिल २०२४मधल्या ४०व्या आवृत्तीत डिफॉल्ट केली.

घड्याळ लावण्यासारखी निरुपद्रवी गोष्टही महागात पडते. मे २००३मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरवर अचानक पूर लोटला. नेटगिअरच्या सुमारे सात लाख घरगुती राउटरमध्ये त्या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरलेला होता, आणि उत्तर न मिळाल्यास ते दर सेकंदाला पुन्हा विचारत. म्हणूनच आज सार्वजनिक एनटीपी पूल डिस्ट्रोंना स्वतःच्या नावाचा वेगळा पत्ता घ्यायला सांगतो.

भारतात या सेटिंगला कायद्याची बाजू आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी लावायची आहेत. परदेशी डिस्ट्रो जसं उतरलं तसं चालवणाऱ्या अ‍ॅडमिनने ही ओळ निदान एकदा तपासायला हवी.

निवाडा

या साऱ्यातून मला चार कसोट्या दिसतात. चुकीची किंमत शेजाऱ्याला पडत असेल तर प्रकल्पाने सुरक्षित बाजूच धरावी, वापरणाऱ्याची मर्जी नंतर. किंमत वापरणाऱ्याच्या पदरी पडत असेल तर चूक दिसेल अशी आणि दुरून सुधारता येईल अशी असावी. यंत्राने आपण होऊन बाहेर बोलायचं असेल तर ते बसवतानाच सांगावं. आणि प्रत्येक डिफॉल्टशेजारी त्याचं कारण आणि तारीख लिहावी, म्हणजे तो म्हातारा झाला की ओळखू येईल. पहिल्या कसोटीवर मुक्त स्रोत जग चांगलं उतरलं. तिसरीवर चाचपडतंय. चौथीवर नापास आहे. दोन तासांचं कारण शोधायला १९८९पर्यंत मागे जावं लागू नये.

वाचकाला एकच सांगणं. या आठवड्यात अर्धा तास काढून आपल्या यंत्रावर तीन गोष्टी बघा : कोणते पोर्ट ऐकत आहेत, नावं कोणाला विचारली जातात आणि वेळ कुठून येते. तिन्ही उत्तरं पटली तर काही बदलू नका. पटली नाहीत तर बदला, आणि बदल का केला हे त्याच फाइलमध्ये एका ओळीत, तारखेसह लिहून ठेवा.